टॉवेलातली रुई आणि दोन महासत्तांचं भांडण

वाचकाचं पत्र : सोलापूरच्या एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. बराचसा माल अमेरिकेला जातो. आता बायरने एक लांबलचक जाहीरनामा पाठवलाय. 'आमच्या मालात, शेतापासून पॅकिंगपर्यंत, चीनच्या शिनजियांग प्रांतातलं किंवा सक्तीच्या मजुरीतून आलेलं काहीही नाही', असं लिहून द्यायचं आणि काही निघालं तर सगळं नुकसान आमचं. सूत आम्ही इथल्याच दलालाकडून घेतो, पण बॉर्डरचं व्हिस्कोस (लगद्यापासून केलेला चमकदार धागा) चीनचं आहे आणि तो चिनी पुरवठादार असलं काही लिहून द्यायला साफ नकार देतोय. भागीदार म्हणतो, हे अमेरिका-चीनचं भांडण आहे, मानवी हक्क वगैरे निमित्त. आपण कशाला मधे पडायचं? मुलगी म्हणते, तिथे माणसांवर खरंच अन्याय होत असेल तर सही करायला हरकत काय? बायरला तीन आठवड्यांत उत्तर हवंय. सही करू की नको?

उत्तर : सही करा, पण बायरने पाठवलेल्या त्या कागदावर नको. तुम्हाला जे माहीत आहे तेवढंच सांगणारा कागद स्वतः तयार करा आणि त्यावर करा. तो कसा करायचा ते पुढे सविस्तर येतंच. त्याआधी भागीदार आणि मुलगी यांच्या वादाचं बघू, कारण त्या दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे.

भागीदाराच्या संशयाला आधार भरपूर आहे. ज्या अमेरिकन कायद्याच्या पायावर हे सगळं उभं आहे ते 1930 च्या आयातशुल्क कायद्याचं कलम 307. सक्तीच्या मजुरीचा माल देशात घ्यायचा नाही, असं ते सांगतं. पण त्यातच एक पळवाट ठेवली होती : अमेरिकेत तो माल पुरेसा तयार होत नसेल तर चालेल! म्हणजे काळजी मजुराची कमी आणि देशी कारखानदाराची जास्त. ही पळवाट बुजवायला 2016 साल उजाडलं. सक्तीच्या मजुरीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा मूळ करार, क्रमांक 29, अमेरिकेने आजवर स्वीकारलेला नाही. चीनने तो ऑगस्ट 2022 मध्ये स्वीकारला, निदान कागदावर. अमेरिकन घटनेच्या तेराव्या दुरुस्तीत गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी आजही वैध आहे. आणि ज्या अमेरिकेच्या नियमासाठी तुम्ही आता धावाधाव करताय, तिनेच ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावरचं जादा शुल्क 50 टक्क्यांवर नेलं होतं, ते सोलापूरला सांगायला नको.

पण अमेरिकेचा हेतू स्वच्छ नाही, एवढ्यावरून शिनजियांगमध्ये काही घडलंच नाही असं ठरत नाही. भागीदार चुकतो तो इथे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने 31 ऑगस्ट 2022 रोजी अहवाल दिला. उइघुर आणि इतर मुस्लिम समाजातल्या लोकांना ज्या मनमानी पद्धतीने डांबलं गेलं ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असं त्यात म्हटलंय. ते कार्यालय काही वॉशिंग्टनचं खातं नाही. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही तिथल्या रोजगार धोरणांबद्दल गंभीर चिंता नोंदवली. चीन हे सगळं नाकारतो : ती व्यवसाय प्रशिक्षण केंद्रं होती, मजूर दुसरीकडे पाठवणं ही गरिबी हटाव योजना आहे, असं त्याचं म्हणणं. ही योजना नीट समजून घ्या, कारण तुमच्या कागदपत्रांशी तिचा थेट संबंध आहे. सरकार गावागावाला मजूर पाठवण्याचं उद्दिष्ट देतं, अधिकारी घरी येतात, आणि जिथे 'नाही' म्हणणारा माणूस संशयित ठरून डांबला जाऊ शकतो तिथे त्याच्या 'हो'ला काय किंमत? कापूस वेचणी आता तिथे बरीचशी यंत्राने होते, त्यामुळे शेतात जबरदस्तीने वेचणी करणाऱ्या मजुरांचं जुनं चित्र पूर्वीइतकं लागू नाही. प्रश्न सूतगिरण्या, शिलाई कारखाने आणि इतर प्रांतांत पाठवलेल्या मजुरांचाही आहे. म्हणून 'आमचा पुरवठादार शानडाँग या दुसऱ्या प्रांताचा आहे, शिनजियांगचा नाही' एवढं उत्तर पुरत नाही.

महासत्तांच्या झटापटीत या माणसांचं काय होतं याचा एक नमुना जिनिव्हात दिसला. ऑक्टोबर 2022 मध्ये त्या अहवालावर मानवी हक्क परिषदेत नुसती चर्चा करायची की नाही यावर मतदान झालं. निवाडा नाही, ठराव नाही, फक्त चर्चा. बाजूने 17, विरोधात 19, तटस्थ 11. पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, अमिरात यांनी विरोधात मत दिलं. भारत तटस्थ राहिला, आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या परराष्ट्र खात्याने सांगितलं की शिनजियांगमधल्या लोकांच्या मानवी हक्कांचा आदर व्हायला हवा. देशाला सीमेवरचं सैन्य, व्यापार, उद्या काश्मीरवर कोण काय आणेल, हे सगळं बघावं लागतं. तुम्हाला एवढं बघायचं नाही. तुमच्यापुढचा प्रश्न फार लहान आहे : या टॉवेलात काय आहे, ते कुठून आलं, आणि ते दाखवता येतं का? हा प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू कसलाही असो, उत्तर तेच राहतं. मुलीला मात्र हेही सांगा की न तपासता केलेल्या सहीने तिथल्या एकाही मजुराचं भलं होत नाही. त्याने फक्त खोट्या कागदांत एकाची भर पडते.

आता कायदा. त्याचं नाव उइघुर सक्तमजुरी प्रतिबंध कायदा, इंग्रजी आद्याक्षरांनी यूएफएलपीए. 23 डिसेंबर 2021 ला सही झाली, 21 जून 2022 पासून लागू. त्याची सगळी ताकद एका गृहीतकात आहे : माल पूर्णपणे किंवा अंशतः शिनजियांगचा असेल, किंवा सरकारी यादीतल्या एखाद्या कंपनीचा असेल, तर तो सक्तीच्या मजुरीचाच मानायचा. तसं नाही हे आयातदाराने सिद्ध करायचं. 'अंशतः' या शब्दाला किमान मर्यादा नाही. दोन टक्के असो की अर्धा टक्का, अख्खा कंटेनर अडतो. आणि माल चीनमधून थेट आला पाहिजे असंही नाही. आजवर अडवलेल्या मालात मलेशिया, व्हिएतनाम, थायलंड इथून आलेल्या मालाचा वाटा मोठा आहे.

कंटेनर अडला की आयातदाराला साधारण 30 दिवस मिळतात. त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे 'हा माल या कायद्याच्या कक्षेतच येत नाही, त्यात शिनजियांगचं काही नाही' हे कागदांनी दाखवणं. दुसरी म्हणजे 'हो, तिथला आहे, पण सक्तीची मजुरी नव्हती' हे स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने सिद्ध करणं. या दुसऱ्या वाटेच्या नादी लागू नका. शिनजियांगमध्ये मोकळेपणाने तपासणी करता येत नाही, म्हणून मोठमोठ्या ऑडिट संस्थांनी 2020 मध्येच तिथलं काम थांबवलं. निरीक्षक शेजारी उभा असताना मजूर काय बोलणार? तुमची वाट पहिली.

इथे एक गोष्ट लगेच बघा : तुमचा व्यवहार एफओबी आहे की डीडीपी? एफओबीत, म्हणजे तुम्ही माल इथल्या जहाजावर चढवून मोकळे होता तेव्हा, अमेरिकन कस्टमपुढे आयातदार म्हणून बायर उभा राहतो. तुम्ही त्याला कागद पुरवता. डीडीपीत, म्हणजे शुल्क भरून बायरच्या दारापर्यंत माल पोचवायचा असतो तेव्हा, अनेकदा आयातदार म्हणून तुमचंच नाव लागतं आणि सिद्ध करण्याचा सगळा भार, बंदरावरचं भाडं आणि वकील तुमच्या खिशातून जातो. छोट्या कारखान्याने या काळात डीडीपी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे, भाव दोन पैसे जास्त मिळत असला तरी.

शिनजियांगची धास्ती एवढी का? जगातला सुमारे पाचवा हिस्सा कापूस तिथे पिकतो आणि चीनच्या कापसातला तर बहुतेक सगळा. तुम्ही म्हणाल, आमची रुई तर विदर्भ-मराठवाड्यातली, आमचा काय संबंध? रुईपुरतं ते खरं असेल. पण टॉवेल हा नुसत्या रुईचा नसतो. तुमच्या मालात तीन जागा आहेत जिथे चीन शिरू शकतो, आणि योगायोग असा की तिन्ही एकाच उद्योगसमूहाच्या कामात सापडतात. जून 2023 मध्ये अमेरिकेने शिनजियांग झोंगताई केमिकल ही कंपनी यादीत टाकली. ती काय बनवते? पीव्हीसी, कॉस्टिक सोडा आणि व्हिस्कोस. आता कारखान्यात एक फेरी मारा. बॉर्डरला व्हिस्कोस. ब्लीचिंगच्या आधी स्कावरिंगला, म्हणजे मेण-मळ काढणाऱ्या धुलाईला, कॉस्टिक. आणि टॉवेल ज्या चेनच्या पारदर्शक पिशवीत जातो ती पीव्हीसीची. पीव्हीसी 2024 पासून आणि कॉस्टिक सोडा 2025 पासून अमेरिकेच्या विशेष लक्ष असलेल्या क्षेत्रांत आहेत. कापूस तर पहिल्या दिवसापासून.

यातलं व्हिस्कोस सर्वांत धोक्याचं. एक तर ते मालाचाच भाग आहे. दुसरं, त्याचं मूळ तपासून काढता येत नाही. कापसाच्या तंतूत तिथल्या पाण्याची आणि मातीची खूण उरते. हायड्रोजन, ऑक्सिजन, कार्बन यांच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजून प्रयोगशाळा तो ढोबळमानाने कुठला ते सांगते, आणि अमेरिकन कस्टम अशी चाचणी करून घेतं. व्हिस्कोसमध्ये लगदा विरघळवून नव्याने तंतू ओढलेला असतो, तिथे ही खूण पुसट होते. शिवाय लगदा नेहमी लाकडाचाच असतो असंही नाही. सरकीवरच्या बारीक लिंटरपासूनही तो करतात. म्हणजे 'व्हिस्कोसमध्ये कापूस कुठला?' हा युक्तिवादसुद्धा टिकत नाही.

म्हणून आमचा सल्ला : अमेरिकेच्या ऑर्डरीपुरतं चिनी व्हिस्कोस बंद करा. हिशेब करून बघा. कंटेनरमध्ये 9,000 किलो टॉवेल आणि बॉर्डर दोन टक्के, म्हणजे 180 किलो व्हिस्कोस. किलोमागे जो काय फरक पडतो त्याला 180 ने गुणा आणि अडकलेल्या कंटेनरच्या एका आठवड्याच्या भाड्याशेजारी ठेवा. व्हिस्कोस फिलामेंट आपल्याकडे कल्याणजवळ शहाडला आणि गुजरातेत वेरावळला बनतं. चमक थोडी कमी चालत असेल तर मर्सराइज्ड (कॉस्टिकची प्रक्रिया करून चमक आणलेलं) सुती सूत घाला. त्याने मालावर 'शंभर टक्के सुती' लिहिता येतं, हा वरचा फायदा. उरलेलं चिनी व्हिस्कोस देशी बाजाराच्या मालात वापरताना स्टॉकची नोंद वेगळी ठेवा, रॅकसुद्धा वेगळा. एकाच रॅकवर दोन्हीचे कोन दिसले की तुमच्या नोंदींवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

तो चिनी पुरवठादार नाही म्हणतो, त्यावर रागावू नका. त्याची अडचण खरी आहे. चीनने जून 2021 मध्ये परकीय निर्बंधविरोधी कायदा केला. परदेशाच्या भेदभावी उपायांची अंमलबजावणी कोणी करायची नाही, असं तो सांगतो, आणि त्यामुळे ज्याचं नुकसान झालं तो कोर्टात जाऊ शकतो. 'माझ्या मालात शिनजियांगचं काही नाही' असं सहीशिक्क्यानिशी लिहिणं तिथल्या व्यापाऱ्याला महागात पडू शकतं. मोठ्यांचीही सुटका नाही. 2021 च्या मार्चमध्ये शिनजियांगच्या कापसाबद्दलचं जुनं निवेदन उकरून काढून एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीची दुकानं चिनी ऑनलाइन बाजारातून रातोरात गायब केली गेली. कॅल्विन क्लाइन आणि टॉमी हिलफिगरची मालक कंपनी पीव्हीएच फेब्रुवारी 2025 मध्ये चीनच्या 'अविश्वासार्ह कंपन्यां'च्या यादीत गेली. आरोप हाच की ती शिनजियांगच्या मालावर बहिष्कार टाकते. एका राजधानीत जे केल्याशिवाय माल उतरत नाही, तेच केलं म्हणून दुसऱ्या राजधानीत शिक्षा.

यातून व्यवहारात निघणारी गोष्ट अशी : प्रश्न उलटा विचारा. 'शिनजियांगचं नाही असं लिहून द्या' असं कोणालाच म्हणू नका. 'माल कुठला आहे ते दाखवा' म्हणा. कारखान्याचं नाव-पत्ता, लॉट नंबर, लगद्याच्या खरेदीचं बिल, वाहतुकीची पावती. यात कुठल्या प्रांताचा उल्लेख नाही, म्हणून इतर देशांना माल पाठवण्यासाठी चीनमधून काही घेत राहिलात तरी समोरच्याला उत्तर देता येतं. तुमच्या वेबसाइटवरही बहिष्काराची भाषा नको. आमची रुई अमुक भागातली, हे कागद, एवढं पुरे. हा भित्रेपणा वाटेल. आम्हाला वाटत नाही. मूळ दाखवलेला कागद त्या मजुराच्या बाजूने जेवढा उभा राहतो, तेवढं वेबसाइटवरचं निवेदन कधीच राहत नाही. उलट बाजूने कोणी 'शिनजियांगमध्ये सगळं आलबेल आहे' अशा मजकुरावर सही मागितली, तर तीही करू नका.

आता मुख्य काम, सुताची फाइल. अमेरिकन कस्टमला कापसाच्या मालासाठी गाठीपासून तयार टॉवेलपर्यंत प्रत्येक टप्प्याचा कागद हवा असतो : खरेदीची ऑर्डर, बिल, पैसे दिल्याचा पुरावा, वाहतूक, साठ्याची आणि उत्पादनाची नोंद, आणि सगळी साखळी एका नजरेत दाखवणारा तक्ता. नुसती बिलं देऊन भागत नाही. आकडे एकमेकांना जुळले पाहिजेत.

9,000 किलोचा तोच कंटेनर घ्या आणि उलट चालत जा. स्कावरिंग-ब्लीचिंगमध्ये आठ टक्के वजन गेलं असेल तर कोरा माल सुमारे 9,780 किलो. विणकाम, कटिंग, सेकंड (दोष असलेला माल) यात चार टक्के धरले तर सूत 10,190 किलो. कार्डेड (साध्या पिंजलेल्या) सुतात गिरणीला रुईतून 85 टक्के सूत मिळतं असं धरा. म्हणजे रुई साधारण 12,000 किलो. आपली गाठ 170 किलोची, तेव्हा 71 गाठी. कापसातून 34 टक्के रुई निघाली तर त्यामागे 353 क्विंटल कापूस. फाइलमध्ये हे चार-पाच आकडे तुमच्या स्वतःच्या नोंदींतून आले पाहिजेत. आम्ही धरलेले टक्के चिकटवू नका. कोम्ब्ड (विंचरलेलं) सूत असेल तर नॉइल, म्हणजे आखूड तंतू, निघून जातं, गाठी बऱ्याच जास्त लागतात, आणि तिथे 85 टक्के लिहिले तर माहीतगार तपासनीस पहिल्याच पानावर थांबेल.

फाइल कुठे फसते? बहुतेक वेळा दलालापाशी. त्याच्या बिलावर गिरणीचं नाव नसतं, कारण गिरणी कळली तर तुम्ही थेट जाल ही त्याला भीती. त्याला सांगा की गिरणीच्या बिलाची प्रत भाव खोडून दे, पण नाव, तारीख, लॉट आणि किलो दिसू दे. तेही नको म्हणाला तर अमेरिकेच्या ऑर्डरीसाठी तो दलाल सोडा. ही अट सुताच्या खरेदी ऑर्डरीतच (पीओ) लिहा. पैसे पोचल्यावर जुने कागद शोधून द्यायला कोणाला वेळ नसतो.

दुसरी जागा सायझिंग (सुताला खळ लावणं) आणि प्रोसेस हाऊस. तिथे विक्री नसते, जॉबवर्क असतं, म्हणून बिलाने साखळी जुळत नाही. जीएसटीचं डिलिव्हरी चलन, त्यावरचे किलो, आणि जॉबवर्कच्या मालाचं जीएसटी विवरणपत्र आयटीसी-04 मधली नोंद, हे लावा. चलनावर नुसतं 'सूत' न लिहिता लॉट नंबर लिहायची सवय उद्यापासून लावा, याने निम्मं काम होतं. तिसरी जागा तारखांची : गिरणीने सूत विकलं 10 तारखेला आणि गाठी आल्या 14 ला, असं कागदावर दिसलं की खरा मालही खोटा ठरतो. चौथी, त्याच 71 गाठी दोन ऑर्डरींच्या फाइलमध्ये दाखवल्या जाणं. हे मुद्दाम होतं असं नाही; गिरणी एकच यादी सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवते. म्हणून त्या लॉटचं एकूण उत्पादन किती आणि त्यातलं तुम्हाला किती, हे गिरणीच्या लेटरहेडवर घ्या.

वेफ्टला (आडव्या धाग्याला) ओपन-एंड या स्वस्त पद्धतीचं सूत वापरत असाल तर वेगळं सांगायला हवं. त्यात गिरण्यांचं वेस्ट, नॉइल, कधी जुन्या कपड्यांचा पिंजलेला धागा जातो, आणि ते कुठून कुठून गोळा झालेलं असतं ते गिरणीलाही सांगता येत नाही. स्वस्त पडतं खरं, पण या ऑर्डरीसाठी नेहमीच्या चात्यावर कातलेलं रिंग सूत घ्या.

गिरणीकडून मिक्सिंगची नोंद मागा : त्या लॉटसाठी कुठल्या जिनिंगच्या, कुठल्या पी. आर. नंबरच्या (जिनिंगने गाठीला दिलेला क्रमांक) गाठी लावल्या. गिरणीने अमेरिका, ब्राझील किंवा ऑस्ट्रेलियाच्या गाठी मिसळल्या असतील तर बिघडत नाही, त्यांचे आयातीचे कागद लावायचे. जिनिंगच्या मागे शेतापर्यंत जाणं आपल्याकडे अवघड. खेडा खरेदी, बाजार समिती, सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ), सगळं जिनच्या ढिगात एक होतं. बाजार समितीच्या पावत्या आणि जिनचा खरेदी गोषवारा, इथवर प्रामाणिकपणे पोचता येतं. पुढे सोय हवी असेल तर 'कस्तुरी कॉटन भारत' या भारतीय कापसाच्या प्रमाणित ब्रँडच्या गाठी घेणाऱ्या गिरणीचं सूत बघा, तिथे गाठीपासूनची नोंद डिजिटल मिळते. मराठी पावत्यांचं इंग्रजी भाषांतर मूळ प्रतीला जोडून ठेवा.

बायरच्या जाहीरनाम्यात दुसरा भाग असतो, तुमच्या स्वतःच्या मजुरांचा. तो घाईत टिकमार्क करून सोडू नका. अमेरिकन श्रम खात्याच्या बालमजुरी आणि सक्तमजुरीच्या मालाच्या यादीत भारताचं संकरित कापूस बियाणं आहे, सूत आहे, तयार कपडेही आहेत. तमिळनाडूतल्या दिंडीगुलच्या एका तयार कपड्यांच्या कारखान्याचा माल जुलै 2022 मध्ये कलम 307 खाली अडवला गेला; मजूर संघटनेशी आधीच झालेल्या करारानुसार कारखान्याने सुधारणा दाखवल्यावर सप्टेंबरमध्ये आदेश बदलला. म्हणजे हे हत्यार फक्त चीनसाठी नाही. बाहेरगावच्या मजुरांची आधार कार्डं ठेकेदाराने 'जपून' ठेवलीत का? उचल दिली आहे आणि ती फिटेपर्यंत माणूस काम सोडू शकत नाही, असं आहे का? ओव्हरटाइम दुप्पट दराने आणि पगारपत्रकात दिसतो का? ही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सक्तमजुरीच्या लक्षणांतली ठळक लक्षणं, आणि उचलीवर बांधून ठेवणं तर आपल्याच 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. कार्डं आजच परत करा. उचलीचा हिशेब मजुराच्या हातात लेखी द्या आणि काम सोडताना बाकी हप्त्याने फेडायची मुभा ठेवा. शिनजियांगच्या मजुराची कणव इथे तपासली जाते, असं भागीदाराला खुशाल सांगा.

हा सगळा खटाटोप अमेरिका-चीनची दिलजमाई झाली तर वाया जाईल का? नाही. युरोपीय संघाचा सक्तमजुरीविरोधी नियम 14 डिसेंबर 2027 पासून लागू होतोय. त्यात कुठल्याच देशाचं नाव नाही आणि सिद्ध करायचा भार तपासयंत्रणेवर आहे, पण कागद मागितले जातील ते हेच.

वेळेचं म्हणाल तर तीन आठवड्यांत सगळं होणार नाही, आणि बायरलाही ते माहीत असतं. पहिल्या आठवड्यात त्याला मेल पाठवा की या चालू ऑर्डरीची पूर्ण फाइल देतो, जुन्या ऑर्डरींची नाही; आणि पीव्हीसी पिशवीऐवजी कागदी पट्टी चालेल का? बऱ्याचदा ते आनंदाने हो म्हणतात. पिशवी हवीच असेल तर पिशवीवाल्याकडून पीव्हीसीची राळ (कच्चा माल) कुठल्या कारखान्याची ते लिहून घ्या, कॉस्टिकचंही देशी उत्पादकाचं बिल फाइलला लावा. दुसऱ्या आठवड्यात दलाल आणि गिरणी. तिसऱ्यात हिशेब जुळवणं, आणि साखळीतली प्रत्येक कंपनी अमेरिकन सरकारच्या यादीत आहे का ते बघून त्या पानाची तारखेसह छापील प्रत काढणं. ही यादी वाढत राहते, तेव्हा प्रत्येक शिपमेंटला नव्याने बघा.

नुकसानभरपाईचं कलम जसंच्या तसं मान्य करू नका. तुमची जबाबदारी तुम्ही दिलेली माहिती खोटी निघाली तर, आणि त्या शिपमेंटच्या बिलाच्या रकमेपुरती, एवढी मर्यादा मागा. ईसीजीसी या निर्यात विमा देणाऱ्या सरकारी कंपनीची पॉलिसी बाहेर काढून त्यातल्या वगळलेल्या बाबी वाचा. करारातली अट निर्यातदाराने पाळली नाही म्हणून झालेलं नुकसान तिथे सहसा धरत नाहीत.

आणि सही करायचा मजकूर साधारण असा, वकिलाच्या नजरेखालून घालून : 'या ऑर्डरीतील टॉवेलसाठी वापरलेले सूत परिशिष्ट 1 मधील गिरणीच्या लॉटमधून आले असून त्याची रुई परिशिष्ट 2 मधील गाठींची आहे, असे गिरणीच्या नोंदींवरून दिसते. बॉर्डरचे सूत, शिलाईचा धागा, लेबल व पॅकिंग यांचे उत्पादक परिशिष्ट 3 मध्ये दिले आहेत. यांपैकी कोणाचेही नाव अमेरिकन सरकारच्या यादीत नाही, हे आम्ही परिशिष्ट 4 मधील तारखेस तपासले. जिनिंगपूर्वीच्या टप्प्याबाबत परिशिष्ट 5 मधील बाजार समितीच्या पावत्यांपलीकडे आमच्याकडे माहिती नाही.' हे शेवटचं वाक्य काढून टाका, असं बायरचा माणूस म्हणेल. काढू नका.